काळी दोनची सनई

नाशिककडच्या वरातींत संबळ-पिपाणीच्या जोडीला आता कीबोर्ड आला आहे. पिपाणी सनईच्याच कुळातली, आखूड आणि तारस्वरी. दोन्ही एकत्र वाजायची तर पहिला प्रश्न पट्टीचा येतो. पिपाणीची पट्टी लाकडाच्या लांबीने आणि पत्तीने ठरलेली. कीबोर्डची मात्र एका बटणाने बदलते. म्हणजे नमते घेणे कीबोर्डला सोपे. तरीही पट्टी जुळल्यावर स्वरांतरे जुळतातच असे नाही. समविभाजित सप्तकातला गंधार स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. तिथे फुंकीचा दाब आणि ओठांची पकड बदलून वळावे लागते ते पिपाणीवाल्याला. कीबोर्डचा गंधार जागचा हलत नाही.

क्लॅरोनेटशी सनईचा संसार याहून जुना. न्यूरेंबर्गला १७००च्या सुमारास जन्मलेले हे एकेरी पत्तीचे वाद्य लष्करी बँडांच्या वाटेने आपल्या लग्नांत शिरले. त्याची नळी सरळ, सनईची शंकूसारखी रुंदावत जाणारी. म्हणून जोराने फुंकल्यावर सनई सप्तकाने चढते व बोटे तीच राहतात. क्लॅरोनेट बाराव्या स्वरावर उडी घेते आणि मधली पोकळी भरायला चाव्यांचे जंजाळ लागते. अर्धे छिद्र उघडून काढलेली सनईची मींड त्या चाव्यांवर सहज उतरत नाही. (उतरवणारे निघाले, हा त्यांचा पराक्रम.)

युरोपात बरोक संगीत जुन्या ओबोवर वाजवणारे बहुधा मूळ स्वर ४४० ऐवजी ४१५ कंपनांचा धरतात आणि इतर वाद्येही तिथे उतरवतात. तिथे जुन्या वाद्याला मान आहे. आपल्याकडे सनईवाला स्वतःच्या वाद्याची पट्टी ‘काळी एक’, ‘काळी दोन’ अशी सांगतो. सनईला ना काळी ना पांढरी. हे शब्द पेटीचे, आणि पेटी एकोणिसाव्या शतकातली पाहुणी.

हे केवळ ध्वनिशास्त्र नव्हे. सनई मंगल ठरली, पण ती फुंकणारी गुरव, घडशी, मांग घराणी ‘वाजंत्री’च राहिली. त्यांतल्या मांगांना देवळाचा उंबरा बंद होता. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारी सत्याग्रह सुरू झाला तो याच शहरात. ज्यांचे ज्ञान कुणी लिहून ठेवले नाही, त्यांच्या वाद्याला पट्टीचे नावही उसने घ्यावे लागले.