दम धरण्याची गोष्ट

माझ्या थोरल्या आत्याच्या गळ्याच्या उजव्या बाजूस, आडव्या हाडाच्या थोडासा वर, बोटाच्या दोन पेरांएवढा एक व्रण होता. लहानपणी मला तो कुठल्यातरी दागिन्याचा वण वाटे. ती पदर नेहमी दोन्ही खांद्यांवरून घेई आणि लग्नकार्यात तर तो विशेष सावरून धरी. पुढे मी इतिहासाचा मास्तर झालो. शिवकालीन बखरींतल्या जखमा मुलांना मोजून दाखवल्या, पण घरातल्या ह्या एका जखमेचा इतिहास विचारायचे मात्र राहून गेले. विचारला तेव्हा आत्या सत्तरीत होती. ती हसून म्हणाली, "अरे, माझं अर्धं छातीचं भातं डॉक्टरांनी मुद्दाम निजवलं होतं. ते निजलं म्हणून मी जागी राहिले."

ह्या वाक्याचा अर्थ मला पुरता कळायला माझेच अर्धे भाते निजावे लागले.

२०२३ सालच्या पावसाळ्यात, उलव्यातल्या आमच्या इमारतीच्या ओल्या जिन्यावरून मी घसरलो आणि उजवा खांदा निकामी झाला. शस्त्रक्रिया झाली, खांदा उत्तम जुळला. मात्र त्याच रात्री उताणा निजलो आणि छातीवर कुणीतरी पोते ठेवल्यासारखे झाले. उठून बसलो की बरे, आडवा झालो की धाप. चपलेचा पट्टा लावायला वाकलो तरी दम लागे. कुणी दमा म्हणाले, कुणी वय म्हणाले. बायको म्हणाली, "खुर्चीत बसून किती दिवस झोपणार?" पाच महिने मी तसाच झोपलो. मग एकाने छातीचा फोटो काढला आणि कोडे उलगडले. फुफ्फुसांखालचा पडदा, म्हणजे मध्यपटल, उजव्या बाजूला नको इतका वर चढून स्वस्थ बसला होता.

हे मध्यपटल म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधली घुमटासारखी स्नायूंची चादर. श्वास घेताना ती खाली सरकते, फुफ्फुसांना जागा होते आणि हवा आत येते. गंमत अशी की ह्या चादरीला हुकूम सोडणारा तंतू तिच्या शेजारून निघत नाही. तो निघतो मानेतून, मानेच्या तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या मुळांतून. तिथून एका स्नायूच्या पुढून छातीत उतरतो, हृदयाच्या कडेने जातो आणि मग मुक्कामी पोहोचतो. त्याचे नाव फ्रेनिक. ग्रीक भाषेत ज्या शब्दाचा अर्थ मध्यपटल, त्याच शब्दाचा अर्थ मन. प्राचीन ग्रीकांना मनाचे ठाणे तिथेच वाटे. आपल्याला तरी ह्याचे नवल का वाटावे? आपणही 'दम धर' म्हणतो तेव्हा छातीला सांगतो की मनाला, हे कुठे ठरवलेले असते!

खांद्याची शस्त्रक्रिया करताना मानेत बधिर करण्याचे इंजेक्शन देतात. त्याच्या शेजारूनच फ्रेनिक जातो, म्हणून काही तास तोही झोपी जातो. हे जवळजवळ प्रत्येकाला होते आणि औषध उतरले की तंतू जागा होतो. हजारोंतल्या एखाद्याचा होत नाही. तो एखादा मी होतो. यात कुणावर राग काढावा असे मला वाटले नाही, कारण त्याच सुमारास मला आत्याचा व्रण आठवला आणि मी वाचायला बसलो.

आत्याला क्षय झाला १९४९ साली, एकोणिसाव्या वर्षी. क्षय हा शब्द तेव्हा घरात मोठ्याने उच्चारत नसत. पुराणात चंद्रालाही दक्षाच्या शापाने राजयक्ष्मा जडला आणि तो कलेकलेने झिजला, ही कथा आजी सांगे. पण चंद्र पुन्हा भरतो, माणूस भरत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात ह्याच रोगाने गेल्या. ज्या विद्येसाठी त्यांनी समुद्र ओलांडला, त्या विद्येपाशीच तेव्हा ह्या रोगावर औषध नव्हते.

औषध नव्हते, पण एक कल्पना होती. मोडलेल्या हाडाला फळी बांधून विश्रांती देतात, तशी पोखरलेल्या फुफ्फुसाला दिली तर? इटलीच्या कार्लो फोर्लानिनी यांनी १८८२ साली छातीत हवा भरून फुफ्फुस दाबून ठेवण्याचा विचार मांडला. पुढे १९११ साली जर्मनीत श्टुर्ट्स यांनी सुचवले की मानेतला फ्रेनिक तोडावा. म्हणजे मध्यपटल लुळे पडून वर चढेल, फुफ्फुसाला खालून दाबेल आणि जखमेची पोकळी मिटेल. प्रख्यात शस्त्रवैद्य झाउअरब्रुख यांनी ही शस्त्रक्रिया लवकरच हाती घेतली. १९२२ साली फेलिक्स यांनी तर अख्खा तंतूच उपटून काढण्याची रीत सांगितली. पण उपटलेले परत येत नाही. म्हणून मग मवाळ मार्ग रूढ झाला: तंतू तोडायचा नाही, चिमट्यात धरून चिरडायचा. काही महिन्यांनी तो पुन्हा उगवतो, तोपर्यंत फुफ्फुस विसावा घेते. गळ्याजवळ छोटी चीर, जागेपुरते बधिर करणे आणि पाव तासाचे काम. आत्या सांगे, "चिमटा लागला तेव्हा खांद्यात कळ आली. म्हटलं, कापताहेत गळा आणि दुखतोय खांदा!" खांद्याची संवेदना आणि हा तंतू मानेतल्या एकाच मुळांतून निघतात, हे तिला कोण सांगणार?

आपल्याकडे अशा रोग्यांचा आधार म्हणजे आरोग्यधामे. मिरजेत विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले आणि १९२० साली सांगली-मिरजेच्या मधल्या माळावर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारले. त्या वसाहतीला आजही वॉन्लेसवाडी म्हणतात. आत्या त्याच भागात वर्षभर राहिली. व्हरांड्यातली खाट, दूध, अंडी आणि दुपारची सक्तीची शांतता. अंडी तिने डोळे मिटून खाल्ली, पण ही गोष्ट माझ्या आजीला शेवटपर्यंत कळली नाही.

वाचकहो, ह्याच काळात दूर स्कॉटलंडमध्ये एक लेखक ह्याच शस्त्रक्रियेला सामोरा गेला होता. आपल्या बिहारातल्या मोतिहारीत १९०३ साली जन्मलेला जॉर्ज ऑर्वेल ग्लासगोजवळच्या हेअरमायर्स रुग्णालयात होता. तिथे त्याचा डाव्या बाजूचा फ्रेनिक निकामी करण्यात आला. १९४८ च्या आरंभी अमेरिकेहून खटपटीने मागवलेले स्ट्रेप्टोमायसीनही त्याला दिले. पण ते अंगावर इतके उलटले की थांबवावे लागले. उरलेल्या बळावर त्याने '१९८४' पूर्ण केले. १९४९ साली पुस्तक आले आणि २१ जानेवारी १९५० रोजी ऑर्वेल गेला. एकाच तंतूवर आघात सोसलेली ही दोन माणसे. एक जगप्रसिद्ध होऊन गेला, दुसरी पदर सावरत ऐंशीच्या पुढे जगली.

आत्या वाचली ती चिमट्याने की औषधाने? मला वाटते, मुख्यतः औषधाने. स्ट्रेप्टोमायसीन १९४३ साली अमेरिकेत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत शाट्झ यांनी वेगळे केले. १९४८ साली ब्रिटनमध्ये त्याच्या काटेकोर परीक्षेचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध घेतलेल्या ५५ जणांपैकी सहा महिन्यांत चौघे गेले, केवळ अंथरुणावर विश्रांती घेतलेल्या ५२ जणांपैकी चौदा गेले. फ्रेनिक चिरडण्याची अशी परीक्षा कुणी घेतली नव्हती. मग १९५२ साली आयसोनियाझिड आले. १९५९ साली मद्रासच्या केंद्राने जगाला दाखवून दिले की औषधे नियमित घेतली तर घरी राहणारा रोगी आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो. जगभरच्या व्हरांड्यांतल्या खाटा रिकाम्या होऊ लागल्या, त्यात आपल्या देशातल्या ह्या कामाचा वाटा मोठा आहे. चिमटे कपाटात गेले.

आणि इतिहासाची थट्टा पाहा! ज्या १९४८ साली एकीकडे हा तंतू चिरडत होते, त्याच सुमारास बॉस्टनमध्ये सार्नॉफ हे त्याच तंतूला विजेचे हलके झटके देऊन श्वास थांबलेल्या रोग्यांना श्वास देत होते. पुढे येल विद्यापीठात ग्लेन यांनी त्यावरून मध्यपटल चालवणारे यंत्रच घडवले. एकाला जे निजवायचे, दुसऱ्याला तेच जागवायचे. वैद्यक वेडे नव्हते, रोग निराळे होते.

माझ्यापुरता प्रश्न सरळ होता: निजलेले जागे होते का? जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि वाशीला वळसा न घालता आम्ही मुंबई गाठू लागलो. जवळपास बावीस किलोमीटरांचा पूल, त्यातला साडेसोळा किलोमीटर समुद्रावर. ओहोटीला शिवडीच्या चिखलात रोहित पक्षी दिसत. शिवडीत उतरलो की मला तिथल्या महापालिकेच्या क्षयरोग रुग्णालयाची आठवण होई. आजही तिथे शेकडो माणसे खाटांवर श्वास मोजत असतात. उलवे ते शिवडी हे अंतर मला किलोमीटरांपेक्षा वर्षांचे वाटे.

मला तपासणारे डॉक्टर माझ्या मुलाहून लहान होते. पडद्यासमोर उभे करून ते म्हणाले, "काका, नाकाने झटकन हुंगा." हुंगले की डावे मध्यपटल खाली जाई आणि उजवे उलटे वर. दोन बैल जुंपलेले, एक पुढे ओढतो आणि दुसरा मागे. मग त्यांनी तीन वाटा मांडल्या. पहिली, थांबणे, पुष्कळांचा तंतू वर्ष-दीड वर्षात आपण होऊन सुधारतो. दुसरी, सैल पडलेल्या मध्यपटलाला चुण्या घालून ते ताणून शिवणे. मॉरिसन यांनी १९२३ साली वर्णिलेली ही जुनी, भरवशाची शस्त्रक्रिया फुफ्फुसाला जागा करून देते, पण स्नायू हलत नाही. तिसरी, तंतूच दुरुस्त करणे. न्यू जर्सीचे मॅथ्यू कॉफमन आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ साली अशा दुरुस्तीचे अनुभव प्रसिद्ध केले, तेव्हापासून ही वाट रुळू लागली आहे.

"थांबलो तर?" मी विचारले.

"थांबता येईल. पण हुकूम न मिळालेला स्नायू झिजत जातो. तो फार झिजला की नंतर तंतू जोडूनही उपयोग नाही. तुमच्या स्नायूत अजून धुगधुगी आहे."

घरात दोन तट पडले. मुलगा म्हणाला, एका शस्त्रक्रियेने हे झाले, आता दुसरी कशाला? बायको काही बोलली नाही. तिने फक्त माझी ती झोपायची खुर्ची बोटाने दाखवली. मी होकार दिला.

एप्रिल २०२४ मध्ये, पहिल्या शस्त्रक्रियेला नऊ महिने झाले असता, गळ्याजवळ चीर घेतली. तंतू व्रणाच्या कोषात आवळला गेला होता. तो मोकळा केला आणि बिघडलेल्या भागाला वळसा घालून पोटरीमागचा एक स्पर्शतंतू शेजारून जोडला. पाऊल त्या कडेला आजही बधिर आहे. उलव्यात राहणाऱ्याला ही युक्ती समजायला वेळ लागत नाही. विमानतळासाठी इथली टेकडी उतरवली गेली, उलवे नदी नव्या पात्रातून वळवली गेली, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पाण्याला वाट मिळाली की ते जाते. तंतूही जातो, मात्र दिवसाला मिलिमीटरभर. मानेपासून मध्यपटलापर्यंत पाव मीटर धरले तरी अडीचशे दिवस!

पट्टी काढून आरशात पाहिले आणि थबकलो. गळ्याच्या उजव्या बाजूस, आडव्या हाडाच्या थोडासा वर, तोच व्रण. आत्याचा निजवण्यासाठी, माझा जागवण्यासाठी.

त्या साली दिवाळी आली आणि गेली, काहीच फरक नव्हता. तीन चेंडूंच्या यंत्रात रोज फुंकर ओढायची. नातू तिन्ही चेंडू सहज उचली, माझा एकच डळमळे. एका रात्री मी निराश होऊन म्हणालो, "फसलो बहुधा." बायको म्हणाली, "मिलिमीटरचा हिशेब तुम्हीच सांगितलात ना? मग दम धरा." पुढच्या जानेवारीत पडद्यासमोर पुन्हा हुंगलो. उजवे मध्यपटल खाली गेले, फार तर बोटभर, पण खाली! डॉक्टरांपेक्षा तंत्रज्ञ मुलगी अधिक हसली. पूर्वीइतका श्वास अजून आलेला नाही, बहुधा येणारही नाही. पण आता दोन उशांवर पाठीवर झोपतो आणि चपलेचा पट्टा माझा मी लावतो.

आमच्याकडे गणपतीत विठ्ठलाची आरती होते तेव्हा शेवटच्या हाकेचा सूर कोण अधिक लांबवतो, याची पैज लागते. तंतू चिरडला त्या वर्षी आत्या हाकेच्या अर्ध्यावर गप्प झाली होती, म्हणे. पुढच्या वर्षी तिने सगळ्या पुरुषांना हरवले. २०२५ च्या गणपतीत मी दोन वर्षांनी त्या हाकेत सूर मिळवला. नातू जिंकला, त्याची आई दुसरी आली, मी तिसरा. आरतीचे तबक फिरले तेव्हा माझा हात आपोआप गळ्याजवळच्या व्रणावर गेला. मी तो झाकला नाही.