बालदमा आणि त्याची गणना

दमा हा म्हातारपणाचा रोग, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. इतिहास मात्र तिला दुजोरा देत नाहीं. चरकसंहितेंत श्वासाचे पांच प्रकार सांगितले असून त्यांपैकीं तमकश्वासाचें वर्णन आजच्या दम्याशीं पुष्कळसें जुळतें. पुढें 1860 सालीं हेन्री हाइड साल्टर या इंग्रज डॉक्टरानें दम्यावर ग्रंथ लिहिला. तो स्वतः दमेकरी होता. रोग्यांच्या हकीकती तपासतांना पुष्कळांचा दमा वयाच्या पहिल्या दहा वर्षांतच सुरू झाल्याचें त्यास आढळून आलें.

परंतु हा रोग किती मुलांना होतो, हा प्रश्न निराळा. दवाखान्यांत आलेले रोगी मोजून त्याचें उत्तर मिळत नाहीं. कारण जें मूल तेथवर पोंचत नाहीं, तें हिशेबांतहि येत नाहीं. शिवाय एक डॉक्टर ज्यास दमा म्हणतो, त्यासच दुसरा ब्राँकायटिस म्हणतो. म्हणून 1991 सालीं सुरू झालेल्या ‘आयझॅक’ नामक आंतरराष्ट्रीय पाहणीनें रोगाच्या नांवावर न विसंबतां लक्षणच विचारलें: गेल्या बारा महिन्यांत छातींत घरघर झाली काय? सहासात वर्षांच्या मुलांविषयीं आईबापांनीं सांगावें, तेराचौदा वर्षांच्यांनीं स्वतः सांगावें, अशी योजना होती. 1998 सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, 56 देशांतील मोठ्या मुलांच्या बाबतींत केंद्राकेंद्रांमध्यें वीसपटींपर्यंत तफावत दिसली. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड हे देश वरच्या टोंकास होते. भारत खालच्या टोंकास.

यावरून आपण समाधान मानावें काय? आमच्या मतें नाहीं. त्याच धर्तीवर पुण्यासह भारतांतील नऊ केंद्रांत झालेल्या पुढच्या पाहणीचे आंकडे 2022 सालीं प्रसिद्ध झाले. सहासात वर्षांच्या मुलांत घरघरीचें प्रमाण शेंकडा सुमारें 3 होतें. प्रमाण अल्प खरें. परंतु एवढ्या मोठ्या देशांत शेंकडा 3 म्हणजे लक्षावधि मुलें होत. त्याहून गंभीर गोष्ट अशी कीं, लहानथोर मिळून ज्यांना घरघर होती, त्यांपैकीं शेंकडा 82 जणांच्या रोगाचें दमा म्हणून निदानच झालें नव्हतें.

याचें एक कारण आपल्या घरांतच आहे. ‘छाती भरते’, ‘सर्दी लवकर होते’ असें आपण म्हणतों. ‘दमा’ म्हणत नाहीं. मुलगी असेल तर पुढें लग्नास अडचण येईल, ही धास्ती असतेच. श्वासावाटे घ्यावयाच्या औषधाची सवय लागते, या गैरसमजाची त्यांत भर पडते. वास्तविक हेंच औषध श्वासनलिकांची सूज उतरवून मुलास रात्रीं निजूं देतें, सकाळीं शाळेंत जाऊं देतें. साल्टरच्या काळीं तें नव्हतें. आज तें आहे. तेव्हां शब्दाच्या भीतीनें मुलाचा श्वास कोंडून ठेवणें यास आम्ही तरी शहाणपण म्हणणार नाहीं.