नया बाजारातला जुना ट्रक

दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० साली किल्ल्याखाली पडली, तिचंच लष्कर झालं. आपला नया बाजार त्यातलाच. १९६९च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँका ट्रकवाल्यांनाही कर्ज देऊ लागल्या. आमच्याकडे असाच एक जुना टाटा-मर्सिडीज तारण होता. तपासणीला गेलो, तर मिस्त्री म्हणाला, "साहब, रंग मत देखिए, नीचे देखिए." वाकून बघितलं. ब्रेकच्या आणि डिझेलच्या नळ्या गंजून पापुद्रे सुटलेले. ब्रेकची लाइन एकच. ती फुटली की सगळेच ब्रेक गेले! मालक म्हणे, गळका तुकडा तेवढा बदलू. सगळ्या नळ्या नव्या बसेपर्यंत मी रिपोर्टवर सही केली नाही. वर्षभर तो बोलला नाही. मग एकदा आग्रा-मुंबई रस्त्यावर उतारात बैलगाडी आडवी आली, आणि ट्रक वेळेवर थांबला. दुसऱ्या दिवशी तो पेढे घेऊन घरी आला. वहीत घसारा दिसतो, गंज वाकूनच बघावा लागतो.