घर विकणारा दिवा



आजचा विषय लढाईचा नाही. निवृत्तीनंतर मी जिथे राहतो त्या देवनहळ्ळीचा आहे. टिपू सुलतानचा जन्म इथला, आणि १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने घेतलेला किल्लाही इथलाच. गाव पपनसांसाठी प्रसिद्ध. पण मे २००८ मध्ये इथला विमानतळ सुरू झाला आणि बागांच्या शेजारी इमारती उभ्या राहू लागल्या. संध्याकाळी त्यांचे नमुना फ्लॅट असे उजळतात की लग्नघर वाटावं. मला प्रश्न पडला, दिवा घर विकायला कधीपासून लागला?

आपला वाडा आठवा. इकडे दक्षिण कर्नाटकात त्याचा भाऊ आहे, 'तोट्टी मने'. दोन्हींत मधोमध उघडा चौक, उजेड आभाळातून येणार. रात्री दिवळीत पणती, देवापाशी समई, नंतरच्या काळात कंदील. म्हणजे दिवा हा घराचा भाग नव्हता, सामान होता. बिऱ्हाड हललं की दिवाही सोबत जायचा. जे घराबरोबर मिळणारच नाही, त्याची किंमत घरात कशी धरणार?

हे विजेने बदललं. १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्र केंद्रातून वीज निघाली, ती आधी जवळपास दीडशे किलोमीटरवरच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना. ५ ऑगस्ट १९०५ रोजी बेंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. आपल्याकडे टाटांचं खोपोलीचं केंद्र १९१५ मध्ये मुंबईला वीज देऊ लागलं. दिव्यासाठी आता भिंतीतून तारा गेल्या, बटणं बसली. मालक बदलला तरी तारा तिथेच. दिव्याची सोय घराच्या किमतीत शिरली ती इथे.

तिचा उघड बाजार केला अमेरिकेने. १९५६ मध्ये तिथल्या वीज-उद्योगाने 'विजेवर जगा, चांगलं जगा' अशा अर्थाची मोहीम काढली. पुढच्याच वर्षी पदकाची योजना आली. घरात ठरलेल्या दर्जाची वायरिंग, पुरेसे दिवे आणि विजेची उपकरणं असतील तर दाराजवळ एक पदक बसायचं. आपण छातीवर लावतो, त्यांनी भिंतीवर लावलं! उद्योगाला वीज विकायची होती आणि बिल्डरला घर. दोघांचं काम एकाच पदकाने झालं.

आपल्या पिढीचा बदल एलईडीचा. निळ्या एलईडीच्या शोधामुळे पांढरा एलईडी शक्य झाला. त्या शोधाला २०१४ चं नोबेल मिळालं. २०१५ मध्ये 'उजाला' योजना आली आणि हे बल्ब घरोघर पोचले. ६० वॉटच्या जुन्या बल्बचं काम ९ वॉटमध्ये होऊ लागलं. शिवाय उजेडाचा रंग निवडता येऊ लागला. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो, तो बघा. २७०० म्हणजे पिवळसर, संध्याकाळच्या बैठकीचा. ४००० स्वयंपाकघराला बरा. ६५०० निळसर पांढरा, दुकानासारखा.

गेल्या वर्षी एका दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नीला इथलं घर विकून मुलाकडे जायचं होतं. वहिनींना दलालाने सल्ला दिला, "गिऱ्हाईक सातनंतरच बोलवा. सगळे दिवे लावा, आणि बेडरूमच्या त्या भिंतीवर मात्र एकही नको." त्या भिंतीला ओल होती. वहिनी म्हणाल्या, "ह्यांनी असलं कधी केलं नसतं." त्यांनी आधी ओल काढून घेतली. मग खिडक्या धुतल्या, जाड पडदे उतरवले, बैठकीत २७०० चे दिवे आणि ओट्यावर ४००० ची पट्टी लावली. गिऱ्हाइकांना दुपारीच बोलवलं आणि दुरुस्तीची पावतीही दाखवली. घर विकायला दोन महिने जास्त लागले, पण विकलं गेलं, आणि वहिनी मान वर ठेवून गेल्या.

हा फरक महत्त्वाचा आहे. स्वच्छ खिडकी आणि योग्य दिवा घरात असलेलं चांगलं दाखवतो. भपका असलेलं वाईट लपवतो. पहिली सजावट, दुसरी फसवणूक. आणि इथे पणाला लागलेली असते एखाद्याची आयुष्यभराची पुंजी.

म्हणून घर घेणाऱ्यांना फौजेतली एक युक्ती सांगतो. जमिनीवरच्या पाऊलखुणा शोधताना टॉर्च वरून मारत नाहीत, जमिनीलगत आडवी धरतात. सावली पडते आणि खूण उठून दिसते. घर बघायला दिवसा जा, दिवे बंद करायला सांगा, आणि टॉर्च भिंतीला चिकटवून आडवी मारा. फुगलेला गिलावा, बुजवलेली भेग, ओलीचा पापुद्रा, सगळं समोर येईल. मग संध्याकाळी पुन्हा जा आणि सजावटीचं खुशाल कौतुक करा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.