बॅटरी चार्जिंग आणि विजेचे वेळापत्रक : बुलढाणा जिल्हा

बॅटरी चार्ज करून देण्याचा धंदा खामगाव, मलकापूर, चिखलीसारख्या तालुक्याच्या गावी आधी रुजणे स्वाभाविक होते, कारण खेड्यांच्या आधी वीज तिथे पोहोचली. 1956 पर्यंत मध्य प्रदेशात असलेला हा जिल्हा 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. त्याच वर्षी राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि लवकरच शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसचे औष्णिक केंद्र उभे राहिले. खेड्यात तारा पोहोचेपर्यंत ट्रॅक्टर, ट्रक आणि लाउडस्पीकरच्या बॅटऱ्यांना तालुक्याची वाट धरावी लागे.

दुकानात एकाच चार्जरवर बॅटऱ्यांची ओळ लागते. एकीचे धन टोक दुसरीच्या ऋण टोकाला चिमट्यांनी जोडायचे, बुचे सैल करायची, खिडकी उघडी ठेवायची, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. 100 अँपिअर-तासाच्या बॅटरीला 10 अँपिअर प्रवाह पुरतो. 12 व्होल्टच्या अशा दहा बॅटऱ्यांची ओळ शेवटी 160 व्होल्टच्या घरात जाते, म्हणजे जेमतेम 1,600 वॅट. ओळीत सगळ्यांना प्रवाह सारखाच मिळतो; म्हणून लहान बॅटरी मोठ्यांत घातली तर ती तापते. बॅटऱ्या क्षमतेनुसार वेगळ्या लावण्याची शिस्त यातून आली, आणि विजेची मागणीही आपोआप आवरली गेली.

भारनियमनाने ही घडी मोडली. 2005 नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण भागात तासन्‌तास वीज जाई. शेतीला थ्री फेज पाळीपाळीने मिळे. घरोघरी इन्व्हर्टर आले. प्रत्येकाला स्वतःचा चार्जर. एरवी असे चार्जर वेगवेगळ्या वेळी लागतात, म्हणून त्यांच्या क्षमतेची बेरीज पुरवठ्यासाठी जशीच्या तशी धरावी लागत नाही. पण वीज परतताच सगळ्या रिकाम्या बॅटऱ्या एकदम ओढू लागतात आणि डीपीवर, म्हणजे वितरण रोहित्रावर, पूर्ण बेरीजच येऊन पडते. फ्यूज उडतो तो याच घडीला. गटाने चार्जर बसवताना पाटीवरील आकड्यांइतकीच ही वेळ पाहावी लागते.

ई-रिक्षांना हेच गणित लागू आहे. 48 व्होल्टची बॅटरी 15 अँपिअरने चार्ज केली तर अखेरीस सुमारे 900 वॅट लागतात. रात्री दहा रिक्षा एकत्र लागल्या की नऊ किलोवॅट. साध्या चार्जरची हानी आणि कमी पॉवर फॅक्टर धरला तर पुरवठा 15 केव्हीएच्या आसपास हवा. चार्जर तिन्ही फेजवर वाटावे लागतात, नाहीतर एकच फेज दबते. आणि वीज आल्यावर ते टप्प्याटप्प्याने सुरू होतील अशी सोय केली तर तेवढाच डीपी निभावून नेतो.