आठ पाऊंडांचा युवराज

मंडळी, आधी एक कबुली देऊन टाकतो. जवळपास सतराशे वर्षं टिकलेलं एक नाणं मी चिंचेने घासलं. हो, चिंचेनेच. दिवाळीआधी देव घासतात ना, तस्सं.

झालं असं, की इंग्लंडात ऑनसाइट असताना एका रविवारी जुन्या बाजारात भटकत होतो. एका टेबलावर डबाभर काळपट-हिरवी नाणी आणि शेजारी पाटी: रोमन, कुठलंही घ्या, आठ पाऊंड. आता आठ पाऊंडांत तिथे धड पिझ्झा येत नाही आणि हा बाबा चक्क रोमन साम्राज्य विकतोय! कोटाच्या बटणाएवढं एक नाणं उचललं.

रात्री व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं. "अरे, तांब्याचंच ना? मग चिंच लाव की, लखलखीत होईल." आईचं ऐकावं हे संस्कार.. बसलो घासत. एक बाजू वाटीसारखी पिवळी झाली आणि मग लक्षात आलं, की मघाशी तळाला दिसत होतं त्यातलं एक अक्षर आता नाहीये. दुसरी बाजू वाचली ती केवळ घरातली चिंच संपली म्हणून!

नंतर वाचलं तेव्हा कळलं, की तो हिरवा थर म्हणजे मळ नव्हे. शतकानुशतकं माती आणि धातू यांच्यात जी रासायनिक क्रिया होते, तिचं ते कवच. पुष्कळदा अक्षरांचे बारकावे त्या कवचातच शिल्लक असतात. ते खरवडलं की संपलं. इथे अन-डू नाही.

असो. आता नाणं कोणाचं ते शोधायचं. हे काम बरंचसं डीबगिंगसारखं आहे. एकेक शक्यता काढून टाकत जायची.

घासलेल्या बाजूवर भाले घेतलेले दोन सैनिक आणि त्यांच्यामध्ये सैन्याची दोन निशाणं. भोवती लॅटिनमध्ये 'ग्लोरिया एक्झर्सिटुस', म्हणजे सैन्याचा गौरव. कॉन्स्टंटाईन बादशहाच्या काळातला हा अगदी ठरलेला छाप. आणि त्यातली गंमत बघा, साधारण ३३० ते ३३५ या काळात मध्ये दोन निशाणं असतात आणि त्यानंतर एकच! कारण नाण्याचं वजन अडीच ग्रॅमच्या आसपास होतं ते दीडवर आणलं, नाणं लहान झालं, दोन निशाणांना जागाच उरली नाही. महागाई अशी चित्रातही दिसते. आपल्याकडे दोन, म्हणजे पाच वर्षांच्या खिडकीत आलो.

तळाला असते टांकसाळीची खूण. माझ्या नाण्यावर इंग्रजी टी आणि आर उरलेत. म्हणजे ट्रीर, आजच्या जर्मनीतलं. पुढे पी असेल तर पहिला कारखाना, एस असेल तर दुसरा. थोडक्यात, माझ्याकडे टीआरपी असलेलं नाणं असू शकलं असतं, पण ते अक्षर चिंचेने खाल्लं!

आता न घासलेली बाजू. तरुण चेहरा, डोक्यावर लॉरेलच्या पानांची माळ. थोरल्या बादशहाच्या डोक्यावर या छापात रत्नजडित पट्टा असतो, माळ असते ती मुलांच्या. भोवतीची अक्षरं भिंगाने लावली: कॉन्स्टंटाईनचं नाव, पुढे आय-व्ही-एन, मग एन-ओ-बी-सी. लॅटिनमध्ये यू साठी व्ही लिहीत, म्हणजे ते 'इउन', आपलं ज्युनियर! आणि शेवटचं 'नोबिलिसिमुस सीझर', म्हणजे युवराज. सापडला. धाकटा कॉन्स्टंटाईन, दुसरा.

या पोराची कहाणी वाईट आहे हो. जन्म ३१६ चा आणि १ मार्च ३१७ ला हा सीझरसुद्धा झाला. दहा वर्षांचा असताना, ३२६ मध्ये, बापाने याच्या सावत्र भावाला, क्रिस्पसला, ठार मारवलं. पुढे याचा दरबार ट्रीरला होता, म्हणजे हे नाणं त्याच्याच गावचं! ३३७ मध्ये बाप गेला आणि तिघा भावांनी साम्राज्य वाटून घेतलं. याच्याकडे ब्रिटन, गॉल आणि स्पेन आले, पण वाटणीवरून धाकट्या कॉन्स्टन्सशी बिनसलं. ३४० मध्ये हा इटलीवर चालून गेला आणि अक्विलेयाजवळ मारला गेला. वय जेमतेम चोवीस. त्याच वर्षीच्या एका कायद्यात त्याला शत्रू म्हटलंय, आणि शिलालेखांवरून त्याचं नाव छिन्नीने उडवलं गेलं.

हे वाचलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. भावाने जे दगडावर केलं, तेच मी हसत हसत चिंचेने नाण्यावर करणार होतो.

राहता राहिला किमतीचा प्रश्न. एका जाणकार विक्रेत्याला दाखवलं. तो म्हणाला, घासलं नसतंस तर दहा-बारा पाऊंड, आता दोन-तीन. जुनं म्हणजे महाग हा आपला भाबडा समज. किंमत ठरते ती अक्षरं किती वाचता येतात, थर शाबूत आहे का, टांकसाळ दुर्मीळ आहे का आणि नाणं कुठून आलं याची नोंद आहे का, यावर. भाव बघायचा तर विक्रेता मागतो तो नव्हे, लिलावात प्रत्यक्ष मिळालेला बघावा. आणि ओळख पटवायला पॅट्रिक ब्रून यांचा 'रोमन इम्पीरियल कॉइनेज'चा सातवा खंड (१९६६) आहे. तो नसेल तर अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीची सूची इंटरनेटवर फुकट आहे.

ही नाणी स्वस्त का? कारण ती ढिगाने पाडली गेली. सैनिकांच्या, दुकानदारांच्या हातातली सुट्टी चिल्लर. पण म्हणूनच तर ती पुसता आली नाहीत! चौकातला शिलालेख शोधून छिन्नी मारता येते, गावोगावच्या खिशांतली चिल्लर कोण गोळा करणार? राजाचं नाव टिकलं ते त्याच्या सगळ्यात हलक्या नाण्यांवर.

नाणं आता माझ्या टेबलावर असतं, घासलेली बाजू खाली करून. आई परवा विचारत होती, "विकलंस का रे ते?" म्हटलं, नाही गं, दोन पाऊंडांत कोण युवराज विकतो.

आणि तुमच्या घरी आजोबांच्या डब्यात असं काही असेल तर कृपा करून चिंच आमटीत घाला.