गुण्या, ओळंबा आणि काळी गोळी

फ्रीमेसन लॉजच्या प्रमुखाच्या गळ्यात जे पदक असतं, ते गुण्याच्या आकाराचं. त्याच्या खालच्या वॉर्डनच्या गळ्यात पाणसळ, त्याच्याही खालच्याच्या गळ्यात ओळंबा. कमरेला एप्रन, आणि नवख्याचा तर कोकराच्या कातड्याचा, पांढराशुभ्र. आपल्याकडचा कुठलाही गवंडी ही हत्यारं बघताक्षणी ओळखेल. पण ती गळ्यात घालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी जन्मात वीटसुद्धा रचलेली नसते. या संस्थेची सगळी गंमत या विसंगतीत आहे.

मुळात ही खरोखरच पाथरवटांची बिरादरी. युरोपात मोठमोठी चर्च उभी राहत होती तेव्हा कारागीर कामामागे गावोगाव हिंडत. बांधकामाशेजारी जी झोपडी उभारत, ती लॉज. १५९८ साली स्कॉटलंडच्या राजाचा बांधकाम अधिकारी विल्यम शॉ याने या लॉजसाठी लेखी नियम केले. पुढच्याच वर्षापासून एडिंबरोच्या लॉजची इतिवृत्तं सापडतात. ज्या 'गुप्त शब्दा'वर आजवर एवढ्या कादंबऱ्या लिहिल्या गेल्या, त्याचा जुना उपयोग अगदी रोखठोक होता. परगावचा माणूस काम मागायला आला, तर तो खरोखर शिकून आलाय की थापा मारतोय, हे ओळखायचं.

मग हौशी मंडळी शिरली. १६४६ साली वॉरिंग्टनला इलायस अ‍ॅशमोल मेसन झाला, तशी नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. हा पुराणवस्तूंचा आणि किमयेचा नादी गृहस्थ, छिन्नीशी संबंध शून्य. हळूहळू कारागीर बाजूला पडले आणि सरदार, वकील, डॉक्टर उरले. २४ जून १७१७ रोजी लंडनच्या 'गूज अँड ग्रिडायर्न' या दारूच्या गुत्त्यात चार लॉज एकत्र आल्या आणि ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांची शिखर संस्था, स्थापन झाली, असं मानतात. 'मानतात' म्हणायचं कारण, या सभेचा तपशीलवार वृत्तांत थेट १७३८ साली छापला गेला, आणि काही संशोधकांना ती तारीख मान्य नाही. वृत्तांत लिहिणारा पाद्री जेम्स अँडरसन. त्याने लिहिलेल्या १७२३च्या मेसनांच्या घटनेत, म्हणजे नियमपुस्तकात, त्यांचा इतिहास आदमापासून सुरू केला आहे! राजांचं कुळ सूर्यापर्यंत नेऊन भिडवणाऱ्या आपल्या भाटांना तो आपलाच वाटला असता. पण याच घटनेत एक मोठी गोष्टही आहे: सर्व माणसांना मान्य असेल तेवढाच धर्म सभासदाकडून अपेक्षित. पोपने १७३८ साली या मंडळींवर बंदी घातली.

नामवंतांची यादी लांबलचक आहे. जॉर्ज वॉशिंग्टनने १७९३ साली अमेरिकेच्या कॅपिटॉलची कोनशिला मेसनचा एप्रन घालून बसवली. मोझार्ट १७८४ साली व्हिएन्नातल्या लॉजमध्ये दाखल झाला. व्हॉल्टेअरने पॅरिसमध्ये मेसनपद घेतलं ते १७७८ साली, मरणाच्या जेमतेम दोन महिने आधी.

मुंबईची हकीगत मला जास्त मोलाची वाटते, कारण अँडरसनच्या धर्माबद्दलच्या त्या वाक्याची परीक्षा इथे झाली. लॉजमध्ये नवा माणूस घ्यायचा तर पेटीत गोळ्या टाकून मतदान होतं. पांढरी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. हात पेटीच्या आत असल्याने कोणी काय टाकलं ते शेजाऱ्यालाही कळत नाही. पारशी सुधारक माणकजी कर्सेटजी यांना मुंबईच्या गोऱ्या लॉजने दाद दिली नाही. माणकजी इरेला पेटले. युरोपात गेले आणि पॅरिसच्या लॉजमध्ये मेसन होऊनच परतले. आता त्यांना 'बंधू' नाही म्हणायचं तरी कसं? अखेर स्कॉटिश मेसनांचे इथले प्रमुख डॉ. जेम्स बर्न्स यांनी १८४३ साली 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही हिंदी लोकांना खुली असलेली लॉज काढली. (भायखळ्याचा खडा पारशी म्हणजे याच माणकजींचे वडील, पुतळा मुलाने उभारला.) पुढे पारशी विद्वान खरशेदजी रुस्तमजी कामा याच लॉजमध्ये नावारूपाला आले.

हिंदूंचं घोडं मात्र वेगळ्याच ठिकाणी अडलं. मेसनाने एका परमेश्वरावर श्रद्धा ठेवायची, आणि हिंदूंचे देव अनेक, असा आक्षेप निघाला. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार दत्तांचा अर्ज १८६३ पासून रखडला, तो १८७२ साली मार्गी लागला. बारा वर्षांनी त्याच शहरात नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे विवेकानंद, मेसन झाले.

१९६१ साली भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज झाली. तिच्या सभांत आता बायबलबरोबर गीता, कुराण, अवेस्ता आणि गुरू ग्रंथसाहिबही ठेवतात. काळ्या गोळीला पुरून उरलेल्या माणकजींनी १८६३ साली मुंबईत मुलींसाठी अलेक्झांड्रा इंग्रजी शाळा काढली होती. त्या ग्रँड लॉजमध्ये बायकांना मात्र आजही प्रवेश नाही.